मोठ्या साहेबांचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी सकाळी सव्वादहाला मसुदेकरांचा पहिला अपमान झाला, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या घरच्या विजेवर. त्यांनी बटण दाबलं, यंत्र दोनदा घरघरलं, पडदा निळा झाला आणि त्यावर ठळक पांढरी अक्षरं आली: ‘सुस्वागतम्, मा. मोठे साहेब’.

मसुदेकर ताडकन उठून उभे राहिले. चौतीस वर्षांची सवय ती. मोठे साहेब हे दोन शब्द दिसले की त्यांचे गुडघे परवानगी न विचारता सरळ होत. मागे वळून पाहतात तर दारात फक्त बायको, हातात फडकं. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या गुडघ्यांकडे.

“बसा,” ती म्हणाली. “साहेब आलेले नाहीत.”

मसुदेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. शहराच्या मध्यवर्ती कचेरीत ते पत्रांचे, परिपत्रकांचे, उत्तरांचे आणि उत्तरांवरच्या खुलाशांचे मसुदे लिहीत. म्हणून कुणीतरी गमतीने त्यांना मसुदेकर म्हणालं आणि ते असं चिकटलं की निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या घड्याळाच्या पाठीवरही तेच कोरलेलं निघालं. खरं नाव फक्त हजेरीपटात होतं आणि बायकोच्या लक्षात होतं.

कामाची रीत ठरलेली. मसुदेकर लिहीत, मोठे साहेब सही करत. मजकूर संपला की उजव्या हाताला चार बोटं जागा मोकळी सोडायची, साहेबांच्या सहीसाठी, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात एक टीप घालायची. टीप घाला असं त्यांना कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. पण जगात कुठलाही नियम केला तरी त्यात एखादा गरीब बापडा अडकतोच, आणि त्याला बाहेर पडायला एक खिडकी असावी असं मसुदेकरांचं मत होतं. साहेब सहीच्या खाली कधी वाचत नसत. खरं म्हणजे सहीच्या वरही वाचत नसत.

आता हा कॉम्प्युटर मसुदेकरांनी काही चुकून घेतला नव्हता. कचेरीने जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा व्हरांड्यात बारा यंत्रं ओळीने मांडली होती. बाकीची गिऱ्हाइकं पडदा केवढा, रंग कोणता हे बघत होती. मसुदेकरांना मात्र बाराही यंत्रांची जन्मकथा ठाऊक. अकरा यंत्रं कामाने पार खंगलेली, कळांवरची अक्षरं पुसून गेलेली. बारावं साहेबांच्या खोलीतलं. त्याच्या कळा आल्या दिवशी होत्या तशाच चकचकीत होत्या, कारण साहेब त्यावर फक्त पत्ते खेळत. झिजलं होतं ते माउसचं डावं बटण. मसुदेकरांनी तेवढा माउस नवा घेतला आणि विजयी मुद्रेने यंत्र रिक्षात घालून आणलं. हुशारीचा निर्णय. त्या हुशारीची फळं पुढे सविस्तर येतीलच.

यंत्र हवं होतं ते पुस्तकासाठी. पुस्तकाचं नाव ‘अर्ज: का, कसा आणि कोणाला’. दोनशे चौदा पानं, अकरा प्रकरणं, त्यात स्मरणपत्राच्या तीन प्रकारांवर एक स्वतंत्र प्रकरण. कचेरीच्या अखत्यारीतलं सरकारी वाचनालय दर वर्षी नागरिकांच्या उपयोगाचं एक पुस्तक निवडून छापत असे आणि मुखपृष्ठावर लेखकाचं नाव चांगलं अंगठ्याएवढ्या अक्षरात घालत असे. मसुदेकरांनी गेल्या वर्षीच्या पुस्तकावर अंगठा ठेवून ते मोजून पाहिलं होतं. मानधन नाही, हारतुरे नाहीत, त्यांना काही नको होतं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रं लिहिली आणि एकाही पत्राखाली त्यांचं नाव नव्हतं. एकदा, फक्त एकदा, स्वतः लिहिलेल्या कागदावर स्वतःचं नाव बघायचं होतं. ही इच्छा त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती, आणि तिलाही सांगताना खिडकीकडे बघून सांगितली होती.

पडद्यावरच्या स्वागतावर पहिला उपाय त्यांनी कचेरीच्या पद्धतीने केला. कागदाची एक पट्टी कापली आणि ‘मा. मोठे साहेब’ या शब्दांवर चिकटवली. त्या पट्टीखाली दर पानाची दुसरी ओळ झाकली जाई, पण त्याला इलाज नव्हता. चार महिने ते दोन बोटांनी टाइप करत होते आणि दर पानाची दुसरी ओळ अंदाजाने लिहीत होते. जसजसं पान टाइप होई तसतसं हाताने लिहिलेलं पान फाडून टाकत. पक्की प्रत झाली की कच्ची नष्ट करायची, ही कचेरीची शिस्त. बायको म्हणाली, राहू द्या की, खातंय काय? त्यावर मसुदेकरांनी तिला अभिलेख-व्यवस्थापनावर वीस मिनिटं ऐकवलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली होती. समोरचा बोलत असताना दुसरं काम कसं करायचं हे तिला चांगलं येत होतं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पुस्तक ई-मेलने वाचनालयाला गेलं. तिसऱ्या दिवशी पोच आली. ‘माननीय मोठे साहेब, आपण लिहिलेले अर्ज: का, कसा आणि कोणाला हे पुस्तक आपल्या नावे नोंदवून घेण्यात आले आहे. निवड समितीची बैठक शुक्रवारी आहे.’

मसुदेकरांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याची भरलेली बादली रिकामी करून पुन्हा भरायला लागले. बायकोने नळ बंद केला आणि पोच स्वतः वाचली.

“हा माणूस आता घरी येऊनही तुमच्याकडून लिहून घेतोय,” ती म्हणाली.

सोमवार होता. हातात चार दिवस होते.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांना सगळ्या विषयांतलं कळे आणि दातांसाठी माणसं त्यांच्याकडे फारशी जात नसल्याने वेळही भरपूर असे. त्यांनी यंत्राच्या मागच्या जाळीतून टॉर्चने आत पाहिलं, दोनदा ‘हं’ केलं, आणि समजावून सांगितलं की वरवर घासून काही होत नाही काका, मूळ काढायला पाहिजे. फाइलवर लेखक म्हणून जे नाव पडतं ते यंत्र मालकाच्या नोंदीवरून आपोआप उचलतं. तुम्ही पट्टी लावून फक्त दात पांढरे केलेत, कीड आत तशीच आहे. मसुदेकरांना हे पटलं. पटलं नसतं तरी डॉक्टर थांबले नसते. त्यांनी बाह्या सरसावल्या, कुठल्या कुठल्या खिडक्या उघडल्या, साहेबांच्या नावावर बाण नेला आणि कळ दाबली.

पडदा काळा झाला. मग निळा झाला. मग त्यावर एक चौकोन आला: ‘पासवर्ड टाका’. चार महिन्यांत यंत्राने पासवर्ड कधी मागितला नव्हता. आता मात्र ते पासवर्ड मिळाल्याशिवाय दार उघडणार नव्हतं, आणि अकराही प्रकरणं दाराच्या आत होती.

डॉक्टर म्हणाले, थोडी सूज येणारच, आणि त्यांना एकाएकी दवाखान्याची आठवण झाली.

मंगळवारी सकाळी मसुदेकर आणि बायको यंत्र घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. बाई तिथे उघड्या पोटाच्या सात-आठ यंत्रांच्या मध्ये बसून एका वेळी तिघांशी बोलत होत्या. त्यांनी तपासून दोन पर्याय सांगितले. सगळं पुसून कोरं करायचं, पंधरा मिनिटांचं काम, पण पुस्तकही जाईल. नाही तर पासवर्ड सांगा. मसुदेकरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की यंत्र त्यांचं असलं तरी पासवर्ड पूर्वीच्या मालकाचा आहे आणि तो माहीत असण्याचं त्यांना कारण नाही.

“थांबा, खाली खूण दिलेली आहे,” बाई म्हणाल्या. “विसरल्यास आठवण म्हणून मालकाने स्वतः लिहून ठेवलेली असते.” त्यांनी पडद्याला नाक लावून वाचलं. “‘मसुदेकरांना विचारा.’ हे मसुदेकर कोण?”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

“मी,” मसुदेकर म्हणाले.

“मग सांगा की. किती वेळ खोळंबा करताय?”

त्यांना काही आठवेना. त्यांनी साहेबांच्या गाडीचा क्रमांक सांगितला, नेमणुकीची तारीख सांगितली, साहेबांच्या कुत्र्याचं नाव सांगितलं. यंत्र ढिम्म. बायको बाजूला स्टुलावर बसली होती. तिने विचारलं की साहेबांनी हा शब्द स्वतः शोधला असेल असं वाटतं का. आणि त्या प्रश्नासरशी मसुदेकरांना आठ वर्षांपूर्वीची एक दुपार लख्ख दिसली. साहेबांनी दारातून डोकं बाहेर काढून विचारलं होतं, मसुदेकर, कुणाला सुचणार नाही असा एखादा शब्द द्या हो. मसुदेकर तेव्हा पाणीपुरवठ्याच्या उत्तरात गळ्यापर्यंत बुडालेले होते. त्यांनी मान वर न करता लेखणीखाली होता तोच शब्द दिला होता.

“विनाविलंब,” ते म्हणाले.

यंत्र उघडलं. मसुदेकरांचं तोंड मात्र कडू झालं. त्या माणसाने पत्रं नेली होती, परिपत्रकं नेली होती, वार्षिक अहवाल नेले होते, पण कुलपाचा शब्दसुद्धा आपल्याकडूनच नेला हे त्यांना आज कळलं होतं. राग आलाच. आठ वर्षं उशिरा आला, पण पूर्ण आला.

दुरुस्तीवाल्या बाईंनी अर्ध्या तासात साहेबांना तीन ठिकाणांहून उपटून काढलं: स्वागतातून, मालकाच्या नोंदीतून आणि पुस्तकाच्या फाइलमधून. मग विचारलं, आता नाव काय घालू? मसुदेकरांनी सवयीने ‘मसु’ एवढं म्हटलं होतं. बायकोने त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट सांगितलं. घरी येऊन बटण दाबल्यावर पडद्याने त्या नावाचं स्वागत केलं. मसुदेकर या वेळीही उठून उभे राहिले, आणि बायकोने या वेळी त्यांना बसा म्हटलं नाही.

त्यांनी ताबडतोब फाइल पुन्हा पाठवली आणि तिच्या पाठोपाठ, बुधवारी, स्वतः वाचनालयात गेले. नोंदणीच्या खिडकीवर एक पन्नाशीच्या बाई होत्या. काचेच्या आतून त्यांनी अत्यंत सौजन्याने मसुदेकरांना उभं चिरलं. दुसरी फाइल मिळाली आहे. पण पहिल्या नोंदीनंतर लेखकाचं नाव बदललेलं दिसतं, आणि याला फेरफार म्हणतात काका. मसुदेकरांनी यंत्राची हकिकत सांगितली, पट्टीची सांगितली, दातांच्या डॉक्टरांचीही सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि काचेवर आतून चिकटवलेल्या एका जुनाट कागदावर बोट ठेवलं. नियम सात.

“‘संगणकावर लिहिलेल्या हस्तलिखिताच्या बाबतीत यंत्राने प्रथम नोंदवलेले लेखकाचे नाव हेच अंतिम व ग्राह्य मानण्यात येईल, आणि त्याविरुद्ध कोणतीही तक्रार, मग ती तोंडी असो वा लेखी, विचारात घेतली जाणार नाही.’”

मसुदेकरांनी त्यातले दोन तुकडे ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिले. ‘अंतिम व ग्राह्य’. ‘मग ती तोंडी असो वा लेखी’. ही लय ते झोपेतही ओळखतील. कुठल्याशा दोन कवींनी एकाच काव्यसंग्रहावर हक्क सांगितला होता, भांडण कचेरीपर्यंत आलं होतं, आणि साहेब म्हणाले होते की यांची तोंडं कायमची बंद होतील असा एक नियम करा. मसुदेकरांनी तो जेवणाच्या सुट्टीआधी केला होता. वाक्य उत्तम जमलं होतं, त्या दिवशी ते डबा खाताना स्वतःवर खूश होते.

“हा नियम मी लिहिलाय,” ते म्हणाले.

बाईंनी कागदाच्या खालच्या बाजूला पाहिलं. “इथं सही मोठ्या साहेबांची आहे.”

बाईंनी एकच मार्ग सांगितला. ज्यांच्या नावे नोंद आहे त्यांचं, हे पुस्तक माझं नाही असं, सहीचं पत्र आणा. शुक्रवारी अकराच्या आत. आणि जाता जाता त्या हेही म्हणाल्या, साहेबांना आम्ही अभिनंदनाचा फोन केला होता. ते ‘आभारी आहे’ म्हणाले.

मसुदेकर घरी आले ते चालत नव्हे, तरातरा. लेखकाने पुस्तक लिहिलं, यंत्राने त्याच्यावर दुसऱ्याचं नाव घातलं, यात यंत्राला दोष देता येत नाही, ते निर्बुद्ध आहे. पण अभिनंदनाचा फोन आल्यावर आभारी आहे म्हणणारा माणूस निर्बुद्ध नसतो. हा युक्तिवाद त्यांनी वाटेत एका पानवाल्याला, एका ओळखीच्या शिंप्याला आणि सिग्नलपाशी थांबलेल्या एका अनोळखी गृहस्थाला ऐकवला. तिघांनीही सल्ले दिले. पानवाला म्हणाला सोडून द्या, शिंपी म्हणाला कोर्टात जा, अनोळखी गृहस्थ म्हणाले माझाही असाच एक प्लॉट होता. बायको मात्र सल्ला देत बसली नाही. गुरुवारी सकाळी ती चप्पल घालून दारात उभी राहिली.

मोठे साहेब घरी होते. निवृत्तीनंतर ते जरा लहान दिसत. टेबलावर नवा कॉम्प्युटर, त्यावर पत्त्यांचा डाव अर्धवट. त्यांनी दोघांना प्रेमाने बसवलं, चहा सांगितला, आणि विषय निघण्याची वाट न बघता स्वतःच काढला. पुस्तक चांगलं झालंय म्हणतात. मग त्यांनी आपली योजना सांगितली. दोघांचीही नावं घालू. माझं वर, तुमचं खाली. माझ्या नावाला जरा वजन आहे, म्हणजे तुमचंही काम होईल. साहेबांच्या आवाजात लबाडी नव्हती. हा सगळ्यात मोठा घोटाळा होता. ते खरोखरच मसुदेकरांवर उपकार करत होते.

चौतीस वर्षांत मसुदेकर या माणसाला कधी नाही म्हणाले नव्हते. त्यांनी चहाचा घोट घेतला.

“साहेब, निवडलेल्या लेखकाला वर्षभर दर शनिवारी वाचनालयात बसावं लागतं,” ते म्हणाले. “लोक येतात, त्यांची अडचण सांगतात, आणि लेखकाने तिथल्या तिथे त्यांना अर्ज लिहून दाखवायचा असतो. तुमचं नाव वर असेल तर तुम्हीच बसाल. सहावं प्रकरण स्मरणपत्रावर आहे. स्मरणपत्राचे तीन प्रकार कोणते, हे लोक पहिल्याच दिवशी विचारतील.”

साहेबांनी पत्त्यांकडे पाहिलं. तिथे उत्तर नव्हतं. पडद्यावरचा राजा त्यांनी उगाच इकडून तिकडे हलवला, मग हसले, आणि हात झटकून म्हणाले की बरं, बरं, तुमचंच राहू द्या, माझी कसली हरकत. मग सहज, जसं हजारदा म्हणाले होते तसं म्हणाले:

“मसुदा करून आणा. सही करतो.”

मसुदेकरांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला. बायकोने तो जाताना पाहिला. तिने पदर नीट केला आणि खुर्चीत ताठ बसली. पेन खिशातून निघालं, मसुदेकरांनी त्याचं टोपण काढलं, आणि पेन साहेबांच्या समोर ठेवलं.

“नाही,” ते म्हणाले. “हे पत्र तुम्ही लिहायचं.”

साहेबांना पाऊण तास लागला. तीन कागद गेले. एकदा त्यांनी ‘सविनय’ नंतर काय येतं असं विचारलं आणि मसुदेकरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. हे बघणं त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेवटी तयार झालेला कागद असा होता: ‘वाचनालयास. ते पुस्तक माझे नाही. मसुदेकरचे आहे. त्यात काय आहे मला माहीत नाही. फोनवर चुकून आभारी आहे म्हणालो. बाकी ठीक. तब्येतीस जपावे.’ आणि खाली ती ओळखीची, वळणदार, ऐटबाज सही.

रिक्षात मसुदेकरांनी तो कागद सात वेळा उघडला. विषय नाही, संदर्भ नाही, तारीख नाही. निदान तारीख तरी घालू दे, ते म्हणाले. बायकोने पत्र त्यांच्या हातातून काढून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली.

शुक्रवारी सव्वादहाला दोघं खिडकीसमोर उभे होते. त्यांच्या मागे सहा-सात माणसांची रांग. नोंदणीच्या बाईंनी पत्र वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. मग ते काचेखालून परत सरकवलं.

“हे पत्र साहेबांचं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज आज सौजन्याचा नव्हता. “सही कुणी कशी आणली मला माहीत नाही, पण ही भाषा त्यांची नाही. मी सत्तावीस वर्षं त्यांची पत्रं वाचत आलेय. नोकरीला लागले तेव्हा मला ओळ लिहिता येत नव्हती. त्यांची पत्रं समोर ठेवून मी लिहायला शिकले. तब्येतीस जपावे म्हणे.”

मसुदेकरांना हसावं की रडावं कळेना. जन्मात पहिल्यांदा साहेबांनी स्वतः काही लिहिलं होतं आणि तेच खोटं ठरलं होतं. रांगेतलं कुणीतरी पुढे चला म्हणालं. बाईंनी खण उघडला, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद काढला आणि काचेला आतून लावला, पुरावा म्हणून.

“माझे वडील गेले तेव्हा मी नोकरीत नवीन होते. मध्यवर्ती कचेरीतून हे आलं. सहा ओळी आहेत. इतकं नीट माझ्या घरच्यांनाही लिहिता आलं नव्हतं. साहेब असं लिहितात.”

मसुदेकरांनी चष्मा काढला होता. काच धूसर, कागद लांब, त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्यांना ते पत्र आठवलं. दिवसाला चाळीस मसुदे व्हायचे, त्यातले विसरले ते विसरले. काही मात्र लिहिताना हात जरा थांबलेला असतो.

“खाली एक टीप आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “‘रजेचा अर्ज आत्ता देण्याची गरज नाही. पुन्हा कामावर याल तेव्हा द्यावा, आणि घाईने येऊ नये.’”

बाईंनी कागद उलटा करून खाली पाहिलं. त्यांनी पाहायची खरं म्हणजे गरज नव्हती, त्यांना तो पाठ असणार.

त्यांनी तो पिवळा कागद टेबलावर अलगद ठेवला आणि म्हणाल्या की माझं मन मानतंय, काका. पण मनाची नोंद करायला रजिस्टरात रकाना नाही. यंत्र साहेबांचं नाव सांगतंय, साहेबांचं पत्र मी खोटं म्हणून परत केलंय, आणि नियम सात स्पष्ट आहे.

तेवढ्यात मसुदेकरांची बायको पुढे झाली. इतका वेळ ती काचेवरचा तो नियमांचा कागद वाचत होती.

“अहो, याला टीप कुठाय?” तिने नवऱ्याला विचारलं. “तुम्ही टीप घातली नाही असं कधी झालंय?”

मसुदेकरांनी पाहिलं. कागद सहीपाशीच संपत होता. कॉपी काढणाऱ्याने खालची चार बोटं कापून टाकली होती. मूळ परिपत्रक मागवा, ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज त्यांच्याही ओळखीचा नव्हता. बाई स्वतः उठून आत गेल्या. आतून कपाटं उघडल्याचे, धूळ झटकल्याचे आणि कुणालातरी रागावल्याचे आवाज आले. पावणेअकराला त्या मूळ फाइल घेऊन आल्या आणि अगदी तळाची बारीक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

“‘टीप: लेखकाविषयी संशय उत्पन्न झाल्यास संबंधितास समक्ष बसवून लिहून घ्यावे, आणि त्यावरून निर्णय द्यावा.’”

त्यांनी खुर्ची मागवली. खिडकीखालून एक कोरा कागद सरकवला. मसुदेकर बसले. मागे रांग आता पंधरा माणसांची झाली होती, आणि सगळी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. त्यांनी तारीख घातली, विषय घातला, संदर्भ घातला. मग लिहिलं की सदर पुस्तक मी लिहिले आहे. तसेच नियम सात, त्याखालील टीप आणि आपल्या वडिलांच्या निधनानंतर आपणास आलेले पत्रही मीच लिहिले आहे. पैकी शेवटच्या गोष्टीबद्दल माझी कोणतीही मागणी नाही. पुस्तकाबद्दल आहे. ते माझ्या नावे, आणि केवळ माझ्या नावे, विनाविलंब नोंदवून घ्यावे.

कागद त्यांनी काचेखालून आत दिला. बाईंनी तो सावकाश वाचला, त्याच्या शेजारी मूळ परिपत्रक ठेवलं, त्याच्या शेजारी ते पिवळं पत्र ठेवलं. तिन्ही कागदांवरून त्यांची नजर एकदा फिरली. मग त्यांनी मसुदेकरांचा कागद परत त्यांच्यापुढे सरकवला.

“सही राहिली,” त्या म्हणाल्या.

मसुदेकरांनी खाली पाहिलं. मजकूर संपला होता आणि उजव्या हाताला चार बोटं जागा मोकळी सुटली होती. हाताने आपोआप सोडली होती, जशी चौतीस वर्षं सोडत आला होता. क्षणभर ते त्या जागेकडे नुसतं बघत राहिले, कुणीतरी येऊन ती भरेल असं वाटल्यासारखे. बायको त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. समितीची बैठक सुरू व्हायला सात मिनिटं होती.

त्यांनी पेन धरलं आणि पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकही अक्षर आखूड न करता, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. चार बोटं जागा त्याला पुरली नाही. नाव समास ओलांडून गेलं, खाली उतरलं आणि कागदाच्या तळापर्यंत पोचलं, आणि त्या कागदावर टीप घालायला जागाच उरली नाही.